म्हाताऱ्यांचा मास्तर

सॉक्रेटिस उतारवयात तंतुवाद्य शिकायला जात असे. शिकवणारा कॉनस नावाचा वादक, आणि वर्गात बाकी सगळी पोरं. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस स्वतःच ही हकिकत सांगतो. पोरं त्याला हसायची, यात नवल काही नाही. पण ती कॉनसलाही सोडायची नाहीत. त्याला त्यांनी नाव पाडलं होतं, ‘म्हाताऱ्यांचा मास्तर’. मूळ ग्रीकमध्ये तो एकच लांबलचक जोडशब्द आहे, खास चिडवण्यासाठी घडवल्यासारखा.

ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा सगळं कौतुक सॉक्रेटिसच्या वाट्याला येतं. एवढा मोठा माणूस, एवढं वय, तरी शिकायची हौस! कॉनसकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला मात्र या प्रकरणात खरा कोंडीत सापडलेला माणूस तोच वाटतो. म्हाताऱ्या विद्यार्थ्यापायी त्याची पत जात होती. तरीही त्याने शिकवणं सोडलं नाही. तो मला अजून शिकवतोच आहे, असं सॉक्रेटिस म्हणतो.

आजच्या कॉनसला कुणी चिडवत नाही, कारण त्याने वेगळी वाट काढली आहे. तो वयस्क विद्यार्थ्याला वर्गात घेतो, बसायला उजेडाची जागा देतो, तोंडभर कौतुक करतो आणि शिकवत नाही.

पन्नाशी-साठीनंतर चित्र, वाद्य, मातीकाम, लेखन असं काही नव्याने हाती घेणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज असते ती चुका दाखवणाऱ्या माणसाची. नेमकं तेच त्याला मिळत नाही. मायेपोटी मिळत नाही, म्हणून तक्रारही करता येत नाही.

मी चोपन्नाव्या वर्षी रेखाटन शिकायला लागले. पहिल्या वर्गात आठ महिने काढले. माझा प्रत्येक कागद ‘वा, या वयात एवढं!’ या एकाच शेऱ्यावर पास व्हायचा. शेजारी सोळा वर्षांचा एक मुलगा बसायचा. त्याचा कागद शिक्षक खिडकीपाशी न्यायचे, डोळे बारीक करून बघायचे, मग परत येऊन त्याच्या रेघेवर सरळ दुसरी रेघ ओढायचे. मुलगा रडकुंडीला यायचा आणि मला त्याचा हेवा वाटायचा. आठ महिन्यांत त्याचा हात कुठच्या कुठे गेला. माझी किटली पहिल्या दिवशी उजवीकडे कलंडलेली होती, ती शेवटच्या दिवशीही उजवीकडेच कलंडलेली होती. इतक्या महिन्यांत तिचा कलही बदलू नये, म्हणजे सातत्य तरी होतं म्हणायचं.

पुढे दुसऱ्या ठिकाणी एक बाई भेटल्या. मी काढलेली खुर्ची त्यांनी मिनिटभर पाहिली आणि म्हणाल्या, “ही तुम्ही बघून काढलेली नाही. तुम्हाला खुर्ची माहीत आहे, ती काढली आहे. आता खुर्ची सोडा, तिच्या पायांच्या मधली मोकळी जागा काढा.”

मोकळ्या जागेला नाव नसतं. तिचा आकार आपल्याला आधी ठाऊक नसतो, म्हणून ती बघावीच लागते. मोठ्या माणसाची खरी अडचण इथे आहे. टेबलाचा पृष्ठभाग चौकोनी असतो हे त्याला पन्नास वर्षं पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे डोळ्यांसमोर तो अरुंद फटीएवढा दिसत असला तरी हात चौकोनच काढतो. साठलेली माहिती डोळ्यांच्या आड येते. असा दोष ज्याचा त्याला दिसत नाही, दुसऱ्याने कागद नीट निरखून पाहावा लागतो. बाईंनी पाहिला होता. आधीच्या आठ महिन्यांत माझ्या कागदाकडे कुणी पाहिलंच नव्हतं, सगळे माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत होते.

याच्याही आत एक दुखरी जागा आहे. लहान मुलाचा डोळा आणि हात बरोबरीने वाढतात. सात वर्षांच्या मुलाला आपलं वाकडं घर वाकडं दिसत नाही, म्हणून ते मजेत दहा घरं काढतं. वयाने मोठा विद्यार्थी मात्र चाळीस-पन्नास वर्षांचा रसिक असतो. त्याने उत्तम गाणं ऐकलेलं असतं, चांगलं वाचलेलं असतं. त्याचा कान पिकलेला आणि गळा तान्हा. आपण किती बेसूर आहोत हे वर्गात सगळ्यात स्पष्ट त्यालाच ऐकू येतं. पहिली दोन वर्षं त्याला सहन होत नाहीत ती यामुळे. बहुतेक जण तिथे सोडून देतात आणि ‘या वयात डोक्यात शिरत नाही’ असं कारण सांगतात. नाचता येईना तेव्हा वाकडं अंगण शोधायला लांब जावं लागत नाही. वय हे फार सोयीचं अंगण आहे. शिक्षकालाही ते सोयीचंच पडतं.

अशा माणसाची स्तुती केली की काय होतं? त्याचा स्वतःचा कान त्याला सांगत असतो की सूर चुकला. समोरचा म्हणतो, छान. मग दोनच निष्कर्ष उरतात. एक तर शिक्षकाला कळत नाही, किंवा त्याला कळतं पण माझ्याकडून आशा नाही. दुसरा निष्कर्ष बहुधा खरा असतो आणि तो मुकाट्याने घरापर्यंत सोबत येतो. याउलट, ‘तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या स्वराशी तुम्ही खाली उतरता, कारण श्वास आधीच संपलेला असतो’ असं कुणी सांगितलं तर मान खाली जाते खरी, पण उद्या करायला एक ठरावीक काम मिळतं.

वय काही हिरावून घेत नाही, असं मी म्हणणार नाही. साठीला सुरुवात करून कुणी बॅलेत मुख्य भूमिका करणार नाही. कुठलाही आधारस्वर न घेता कानावर पडलेला स्वर अचूक सांगण्याची शक्ती बहुतांशी कोवळ्या वयात संगीत सुरू केलेल्यांतच सापडते. (तिच्यावाचून बहुसंख्य व्यावसायिक संगीतकारांचं काही अडत नाही, ही गोष्ट वेगळी.) बोटांचा वेग मंदावतो, नजर जवळचं दाखवेनाशी होते, काल शिकलेलं आज पुन्हा शिकावं लागतं. मात्र ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीतला ‘नाठी’ म्हणजे नष्ट झालेली. तो शब्द आता टिकत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी २००४ साली तरुणांना तीन चेंडू हवेत खेळवायला शिकवलं आणि त्यांच्या मेंदूच्या रचनेत मोजता येईल असा फरक टिपला. २००८ साली तसाच प्रयोग साठीच्या आसपासच्या माणसांवर झाला. तरुणांच्या मानाने कमी जणांना ते साधलं, पण ज्यांना साधलं त्यांच्या मेंदूतही बदल दिसला. सराव थांबल्यावर तो ओसरला, हेही त्याच प्रयोगात दिसलं. म्हणजे साठीची बुद्धी शिकते, सावकाश शिकते आणि सोडलं की विसरते. हे वर्णन मला तरी विशीतल्या मुलांनाही बऱ्यापैकी लागू वाटतं.

आता या संशोधनाचं आपण काय केलं ते पाहा. त्यातून एक औषध तयार केलं. चित्र काढा, स्मृतिभ्रंश टळेल. वाद्य शिका, मेंदू तल्लख राहील. उशिरा शिकण्याची जाहिरात हल्ली याच भाषेत होते. सोळा वर्षांच्या मुलाला कुणी सांगत नाही की बाबा, मेंदूला व्यायाम म्हणून चित्रकला शीक. त्याने चित्रकार व्हावं, निदान चित्र नीट काढावं, एवढी अपेक्षा असते. आजींच्या चित्राकडून मात्र रक्तदाबाच्या गोळीसारखी अपेक्षा. गोळी घेणाऱ्याला कुणी विचारत नाही की गोळी कशी जमली.

गंमत म्हणजे औषध म्हणून पाहिलं तरी हे प्रकरण सौम्य वर्गांच्या बाजूने जात नाही. मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ६० ते ९० वयोगटातल्या माणसांना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, डिजिटल छायाचित्रण किंवा तुकडे जोडून गोधडी शिवण्याचं काम शिकवलं. तुलनेसाठी एक गट नुसता एकत्र जमायचा. गप्पा, खेळ, सहली. स्मरणशक्तीत सुधारणा दिसली ती अवघड काही शिकणाऱ्यांत, नुसती मजा करणाऱ्यांत तशी दिसली नाही. एका अभ्यासावर इमला बांधू नये, हे मान्य. पण ‘ज्येष्ठांना ताण नको’ म्हणून सगळं मऊ करून ठेवणाऱ्यांनी तो निदान वाचावा.

औषधाशेजारी दुसरी बाटली चमत्काराची. अमेरिकन चित्रकार ग्रँडमा मोझेस यांचं नाव तर हमखास येतं. जन्म १८६०, उभं आयुष्य शेतावर, दहा बाळंतपणं, त्यातली पाचच मुलं जगली. सत्तरी उलटून गेल्यावर चित्रं, १९४० साली न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन आणि १०१ वर्षांचं आयुष्य. अशी गोष्ट ऐकून ऐकणारा सुखावतो आणि घरी जाऊन काहीच करत नाही, कारण चमत्कार आपल्या घरी होत नसतात. गोष्टीतला कामाचा भाग गाळलेला असतो. मोझेस चित्रांच्या आधी लोकरीच्या धाग्यांनी दृश्यं भरायच्या. संधिवाताने सुई धरवेना म्हणून त्यांनी कुंचला धरला. त्यांची पाटी कोरी नव्हती.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या मेरी डिलेनी यांचंही तसंच. १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, लाल कागदाचा एक तुकडा आणि फुलाची पाकळी यांचा रंग एकसारखा आहे असं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कात्री घेतली. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर कागदाचे बारीक तुकडे चिकटवून जवळजवळ हजार वनस्पती ‘लावल्या’, एकेका फुलाला कधी शेकडो तुकडे. ही चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. नजर गेली तेव्हाच त्या थांबल्या. पण त्याआधीची साठ वर्षं भरतकाम, शिंपल्यांचं नक्षीकाम, चित्रं आणि बागेची नजर यांत गेली होती. रवींद्रनाथ ठाकूर साठीनंतर चित्रांकडे वळले ते हस्तलिखितातल्या खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडत जोडत. सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९३० साली, पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन झालं. खाडाखोड हीच त्यांची पहिली चित्रवही.

शिकवणाऱ्यांनी यातून घ्यायची गोष्ट साधी आहे. साठीच्या विद्यार्थ्याला बालवर्गाचं पुस्तक देऊ नये. पहिल्या दिवशी विचारावं, आजवर हाताने काय करत आलात? सुतारकाम करणाऱ्याला प्रमाण कळतं, आयुष्यभर हिशेब लिहिणाऱ्याला रकान्यांची शिस्त असते, शिवणाऱ्या हाताला कापडाची घडी कशी पडते ते सांगावं लागत नाही. नवी कला अशा जुन्या खुंटीला टांगता येते. हे काम मुलांना शिकवण्यापेक्षा अवघड आहे, कारण प्रत्येकाची खुंटी वेगळी.

ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं, आणि ते चमत्काराच्या यादीत फारसं नीट बसत नाही. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांच्या मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. तेव्हाचं छायाचित्रण म्हणजे काचेवर रसायन पसरायचं, ते ओलं असतानाच चित्र टिपायचं, लगेच धुवायचं. हात काळे, कपडे खराब. त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या कोठीची अंधारखोली. दोन वर्षांच्या आत लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयाने त्यांची छायाचित्रं विकत घेतली. आणि त्याच वेळी छायाचित्रणाच्या नियतकालिकांनी त्यांना झोडपून काढलं: चित्रं धूसर, काचेवर डाग, बोटांचे ठसे. टीकाकारांचा त्या धूसरपणाबद्दलचा अंदाज चुकला, हे पुढे काळाने ठरवलं. पण त्यांनी कॅमेरॉनबाईंना ‘उशिरा सुरू केलं बिचारीने’ म्हणून सूट दिली नाही. त्यांच्या कामाशी भांडले. भांडण्याजोगं काम समजून भांडले, हा मान मोठा होता.

मग हा प्रश्न सार्वजनिक कसा? लोकांनी फावल्या वेळात काय शिकावं हा ज्याचा त्याचा मामला, असं कुणी म्हणेल. पण कलाशाळेतल्या प्रवेशाला, शिष्यवृत्तीला, ‘नवोदित’ म्हणवणाऱ्या पुरस्काराला वयाची अट घालणं हा खाजगी मामला नाही. १९८३ पासून ग्रँटा हे नियतकालिक दर दशकात तरुण ब्रिटिश कादंबरीकारांची यादी काढतं, मर्यादा चाळिशीच्या आतली. ब्रिटिश लेखिका पेनेलपी फिट्झजेरल्ड यांची पहिली कादंबरी १९७७ साली आली तेव्हा त्या साठ वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी त्यांना बुकर मिळालं. तरुणांसाठी यादी जरूर असावी. मात्र नवा म्हणजे तरुण हे समीकरण इतकं अंगवळणी पडलं आहे की साठ वर्षांचा नवोदित हा शब्दप्रयोगच विनोदी वाटतो.

यावरचा नेहमीचा आक्षेप जागांचा. चांगले शिक्षक थोडे, कार्यशाळा थोड्या. त्या पुढे चाळीस वर्षं काम करणाऱ्याला द्याव्यात की दहा वर्षं करणाऱ्याला? आक्षेप पोकळ नाही. जिथे शिक्षण थेट पोटापाण्याच्या व्यवसायासाठी आहे तिथे तरुणांना अग्रक्रम मिळावा, मला त्यात अन्याय दिसत नाही. बाकी ठिकाणी दारावर काम तपासावं, जन्मतारीख नव्हे. काम कच्चं असेल तर सरळ नाकारावं. नाकारलं जाण्याचा हक्कही मला हवा आहे, कारण नाकारण्यासाठी आधी बघावं लागतं.

शिवाय ‘उशिरा’ हा शब्द कुणाच्या घड्याळाने? कॅमेरॉन यांच्या हाती कॅमेरा आला तेव्हा थोरली मुलं मोठी झाली होती आणि नवरा परदेशी होता. डिलेनी यांनी कात्री धरली ती वैधव्यानंतर चार वर्षांनी. मोझेस यांचं सांगितलंच. असंख्य बायकांचा आणि बऱ्याच पुरुषांचाही शिकण्याचा वेळ दुसऱ्यांच्या आजारपणात, मुलांत, नोकरीत खर्ची पडलेला असतो. त्या वेळावर घरं चालली. आज त्यांना वर्गात जागा देणं याला दानधर्म म्हणणं मला पटत नाही. ही थकबाकी आहे, आणि २०३० च्या सुमारास जगातल्या दर सहा माणसांमागे एक साठीचा किंवा त्यापुढचा असेल तेव्हा ती वाढलेली असेल.

काही प्रयत्न झाले आहेत. फ्रान्समध्ये तुलूझला १९७३ साली ‘तिसऱ्या वयाचं’, म्हणजे निवृत्तीनंतरच्या वयाचं, विद्यापीठ सुरू झालं, ते खऱ्या विद्यापीठाला जोडलेलं. पुढच्या दशकात ब्रिटनने ती कल्पना उचलली आणि बदलली: सभासदांनीच सभासदांना शिकवायचं, परीक्षा नाही, पदवी नाही. ब्रिटिश पद्धत स्वस्त, मोकळी आणि प्रेमळ आहे, तिने असंख्य माणसांना घराबाहेर काढलं. इतिहासाची चर्चा करायला ती उत्तम. पण सगळेच नवशिके असलेल्या वर्गात मनगट चुकीचं वळतंय हे कुणाला दिसणार? हाताच्या कलेसाठी मला तुलूझची मूळ कल्पना जास्त पटते.

आपण या सगळ्याला ‘छंदवर्ग’ म्हणतो आणि त्या शब्दानेच अपेक्षा खाली आणतो. वास्तविक छंद म्हणजे आवड आणि छंद म्हणजे वृत्तही. अक्षरं किंवा मात्रा मोजून बसवलेली ओळ. ज्या भाषेने एकाच शब्दात ओढ आणि मोजणी दोन्ही ठेवली, तिच्या बोलणाऱ्यांनी छंद म्हणजे वेळ घालवण्याचं साधन असं ठरवावं, हे विचित्रच. मात्रा चुकली तर ओळ लंगडते आणि ते सांगावंच लागतं, लिहिणारा सत्तरीचा असला तरी.

साठीला सुरुवात करणारे बहुतेक जण मध्यम प्रतीचेच राहणार. मीही राहीन. विशीत सुरुवात करणारेही बहुतेक तसेच राहतात, फक्त त्यांना ते कळायला वेळ लागतो. माझी खुर्ची आता जमिनीवर उभी राहते. तिच्यावर कुणी बसलं तर मोडेल, असं बाई परवा म्हणाल्या आणि पुढच्या पायाच्या बुडाशी बोट ठेवून सावली कुठे चुकली ते दाखवलं. दोन दिवस मी तेवढा एकच कोपरा काढते आहे.

सॉक्रेटिसच्या त्या गोष्टीला पुढे एक शेपूट आहे. आता त्याला म्हाताऱ्या वयात वादविद्या शिकायला आणखी दोघांकडे जायचं असतं, आणि आपल्यामुळे पोरं त्यांनाही चिडवतील अशी त्याला धास्ती वाटते. मित्र विचारतो, तुझं वय नाही का झालं? तो म्हणतो, छे, त्या दोघांनी स्वतः ही विद्या म्हातारपणीच उचलली आहे. सॉक्रेटिसच्या बोलण्यात थट्टा किती आणि खरं किती हे सांगणं नेहमीच कठीण. पण कॉनसच्या वर्गासाठी त्याने केलेली तजवीज अगदी व्यवहारी होती. त्याने आणखी काही म्हाताऱ्यांना पटवलं आणि त्यांना सोबत घेऊन तो वर्गात जायला लागला.